पहिला ठोका रिकामा

ठिणगीनं ही बातमी सांगितली तेव्हा तिचा दादा ड्रमच्या स्टुलावर बसून बुटाची लेस बांधत होता आणि लांब्या आपल्या बास गिटारच्या बॅगेची चेन ओढत होता. म्हणजे दोघंही निघायच्या बेतात. निघायच्या वेळी सांगितलं की भांडण लहान होतं, असा तिचा अंदाज होता. तो साफ चुकला.

"मी एकटीचा अल्बम करतेय," ती म्हणाली. "दहा गाणी. सगळी स्का आणि रेगे, ती जमैकाची झुलती चाल."

दादाच्या हातातली लेस सुटली. "काय?"

"ऐकलंस ते."

"अगं, आपण पंक वाजवतो! अठ्ठावीस वर्षं! लोक आपल्याकडे बोंब ऐकायला येतात, झोपाळ्यावर बसायला नाही!"

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल कोण ही ठिणगी आणि कसली बोंब. ठिणगी वेल्डिंग करते. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, फाटकं. एकोणपन्नास वर्षांची बाई, उजव्या हाताच्या मनगटावर भाजल्याचे बारीक बारीक डाग, आणि बोलणं असं की समोरच्यानं डोळ्यावर काच धरावी. म्हणून ठिणगी. आणि अठ्ठावीस वर्षं ती बोंबाबोंब नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवत किंचाळत आली आहे. बँड तिघांचा. ड्रमवर दादा, जो दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तो दाबून दाबून त्याचा पाय वाकडा झालाय. दिवसभर 'हळू, हळू' करणारा हा माणूस रविवारी सकाळी ड्रमवर बसला की सुटतोच, कुणाच्या बापाला ऐकत नाही. तिसरा लांब्या. तो कवळ्या बनवतो, आणि त्याचा बास अठ्ठावीस वर्षांत कुणाला ऐकू आल्याचं कुणी शपथेवर सांगणार नाही.

तालीम दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गॅरेजात, दोन शिकाऊ गाड्यांच्या मधल्या जागेत. बँडचे नियम दोनच. एक, गाण्याला नाव नाही, नंबर. 'चला, चार नंबर घ्या' म्हटलं की चार नंबर. दोन, कुठलंही गाणं दोन मिनिटांच्या वर जायचं नाही. तिसरा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप पडला होता. शब्द काय आहेत ते कुणी विचारायचं नाही. शब्द ठिणगी लिहायची, पाठ करायची आणि कागद फाडून टाकायची. त्या गदारोळात तिच्या तोंडून नुसता जाळ बाहेर पडायचा. पुढच्या रांगेतल्यांनाही शब्द कळत नसत, मग मागे बसून ड्रम बडवणाऱ्या दादाला काय कळणार, डोंबल!

"पण का?" लांब्यानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कारण मी घाईला कंटाळले," ठिणगी म्हणाली. "वेल्डिंग करताना हात पळवला ना, तर वरून सांधा छान दिसतो आणि आतून पोकळ राहतो. कुणीतरी त्या कठड्याला टेकतो आणि खाली जातो. माझी गाणी तशी झालीयेत. वरून जोरात आणि आत काय आहे ते मलासुद्धा ऐकू येत नाही. मला ती एकदा तरी ऐकायचीयेत."

"म्हातारी झालीस, दुसरं काय," दादा म्हणाला.

"झाले तर झाले. तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी कमीच आहे. आणि ड्रम तूच वाजवणार आहेस."

"मी? एकटीचा अल्बम ना तुझा?"

"एकटीचा म्हणजे ठरवणार मी एकटी. वाजवणार तू. दुसऱ्या कुणाच्या ठोक्यावर मला गाता येत नाही, काय करू? जन्माची सवय लावून ठेवलीयेस."

दादानं लेस पुन्हा बांधली, अगदी घट्ट, आणि गॅरेजचं शटर वर केलं. ते हो होतं की नाही हे तिला पुढच्या रविवारी कळलं. त्या दिवशी तो अर्धा तास आधीच येऊन बसला होता आणि तोंड पाडून मोबाईलवर रेगेचे ठेके ऐकत होता.

शिकणं सोपं नव्हतं. पंकमध्ये गिटारवर हात वरून खाली, वरून खाली, प्रत्येक ठोक्यावर, खिळे ठोकल्यासारखा. स्कामध्ये ठोक्यावर वाजवायचंच नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत तारेला हलकेच चटका द्यायचा आणि लगेच तिचा आवाज दाबायचा. ठिणगीचा हात ऐकेना. कारखान्यात ती जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर बोटांनी सराव करायची. शेजारचा लोहार म्हणाला, "काय गं, उचकी लागलीय का बोटांना?" ती म्हणाली, "हो, आणि तुझं नाव घेतलं की थांबते." तीन महिन्यांनी हात वळला.

दादाचं दुखणं याहून मोठं. रेगेचा एक ठेका असा असतो, की एक-दोन-तीन-चार मोजायचं, पण एकवर काहीच वाजवायचं नाही. पहिला ठोका रिकामा. ड्रमचा दणका पडायचा तो तिसऱ्यावर. ज्या माणसानं सगळी हयात पहिला ठोका दाणकन हाणण्यात घालवली, त्याला तिथे हात आवरायला सांगणं म्हणजे शिंक आवरायला सांगण्यासारखं होतं. पण तो हट्टी. शिकवणीच्या गाडीत शेजारी शिकाऊ बाई गियर शोधत असायची आणि हा मांडीवर मोजत असायचा, "गप्प, दोन, धप, चार." एका बाईनं घाबरून गाडीच थांबवली. दोन महिन्यांत मात्र त्याला ते असं जमलं की ठिणगी तोंडात बोट घालून बघत राहिली. लांब्या तर हवेत होता. "अगं, मी ऐकू येतोय!" तो म्हणायचा. "माझी बायको म्हणाली, तू बास वाजवतोस हे मला माहीतच नव्हतं!"

जुन्या चाहत्यांना कुणकुण लागलीच. कुणी म्हणालं, ठिणगी विझली. कुणी म्हणालं, आता बोंबाबोंबचं अंगाई-मंडळ करा. एकानं तर कारखान्याच्या दारात येऊन सुनावलं, "तुम्ही आम्हाला फसवलंत." ठिणगीनं काच वर केली. "मी तुला काय वचन दिलं होतं रे? जन्मभर तुझ्या कानात ओरडीन असं? जा, घरी जा. अल्बम आला की ऐक, आणि नाही आवडला तर परत ये, तेव्हा नीट भांडू." आणि काच खाली करून कामाला लागली. हातातल्या फाटकाचे सांधे त्या दिवशी जरा जास्तच जाड झाले, ते सोडा.

रेकॉर्डिंगची खोली टायरच्या दुकानावर होती. भिंतींना जुनी घोंगडी लावलेली, खिडकी विटांनी बुजवलेली, आणि मधल्या काचेपलीकडे एका खुर्चीत साउंडवाला. हा इतका शांत माणूस, की बोलायच्या आधी तो दोनदा मान हलवायचा. नऊ गाणी चार दिवसांत झाली. एकेका दमात, कापाकापी नाही. ही बोंबाबोंबची जुनी खोड, जे वाजलं ते वाजलं. ठिणगीनं एवढी एक गोष्ट जुन्या घरातून नव्या घरात आणली होती.

दहावं गाणं म्हणजे अकरा नंबर. बँडच्या अगदी पहिल्या वर्षातलं. पूर्वी दीड मिनिटात संपायचं, आता चार मिनिटं. दादानं कानाला हेडफोन लावले, लांब्यानं बास गळ्यात घेतला, ठिणगी माईकपुढे उभी राहिली. तालमीत ती नुसती चाल गुणगुणायची, शब्द पहिल्यांदा इथे; माईक तपासायला तिनं ते गाणं एकदा अख्खं गाऊन दाखवलं. दोन कडवी लोण्यासारखी गेली. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या शब्दावर दादानं दाणकन पहिला ठोका हाणला.

"अरेरे," तो म्हणाला. "सवय. परत घेऊ."

परत घेतलं. परत तिथेच दाणकन. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सातव्यांदा न थांबता शेवटपर्यंत नेलं, तरी तिथे दाणकन. लांब्या घामाघूम झाला. साउंडवाला म्हणाला, "चहा घेऊया." दादा खाली टायरच्या दुकानाशी जाऊन उभा राहिला.

साउंडवाल्यानं ठिणगीला पडद्यावरची रेघ दाखवली. जिथे आवाज तिथे रेघ डोंगरासारखी वर, जिथे शांतता तिथे सपाट. "हे बघा," तो दोनदा मान हलवून म्हणाला. "अख्ख्या गाण्यात चाळीस ठिकाणी पहिला ठोका त्यांनी मोकळा सोडलाय. मापात. चुकतात ते एकाच जागी. सातही वेळा. मी तो ठोका काढून टाकू का? फार वेळ नाही लागणार."

"नाही," ठिणगी म्हणाली. "हात नका लावू." ती त्या रेघेकडे बघत होती. एकाच जागी. सवय असती तर चाळीस जागी गडबड झाली असती. तिनं त्या जागेवरचा आपला शब्द मनात म्हणून बघितला, मग अख्खं कडवं म्हणून बघितलं.

कडवं असं होतं:

दादानं कुलूप बदललं,
बाबा दारात उभे.
बेल वाजली दोन दिवस,
आम्ही घरात मुके.

ठोका 'दादानं' या शब्दावर पडत होता. तो चुकत नव्हता. तो शब्द झाकत होता.

ठिणगी बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून आली तर दारात दादा, सतरा वर्षांचा, हातात स्क्रूड्रायव्हर, नव्या कुलपाचा शेवटचा स्क्रू आवळत होता. "बाबांना आता घरात घ्यायचं नाही," तो म्हणाला. "मी ठरवलंय." संध्याकाळी बाबा आले. बेल वाजवली. दुसऱ्या दिवशीही येऊन वाजवली. मग येणं बंद झालं. नऊ वर्षांनी ते परगावी वारले असं कळलं. लोकांना घरच्यांनी सांगितलं की बाबा सोडून गेले. आता बाबा कसे होते, तर आईला मारायचे. हात उगारायचे ते फक्त तिच्यावर. पण ठिणगीला त्यांनी शीळ घालायला शिकवलं होतं, खांद्यावर बसवून फिरवलं होतं, आणि बारा वर्षांच्या पोरीच्या मनात या दोन गोष्टी एकत्र मावत नाहीत. ती कानांवर हात ठेवून दोन दिवस खिडकीखाली बसली होती. दादाचा तिला मनस्वी राग आला होता. एकविसाव्या वर्षी तिनं तो राग गाण्यात ओतला, त्याला अकरा नंबर दिला, आणि ज्याच्यावर राग होता त्यालाच ड्रमवर बसवून अठ्ठावीस वर्षं त्याच्यासमोर किंचाळली. आणि त्याला पत्ता नाही! आज हेडफोन लावून, हळू चालीत, त्यानं ते पहिल्यांदा ऐकलं होतं.

ती खाली गेली. दादा टायरांच्या ढिगाला टेकून उभा होता.

"तू मुद्दाम हाणतोयस," ती म्हणाली.

"हे गाणं काढ."

"का?"

"चूक आहे ते."

"चूक? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता."

"होता," दादा म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. नऊ गाणी झाली ना? नऊचा कर अल्बम. कोण मोजतंय!"

"मी मोजतेय! दादा, आपल्या घरात सदतीस वर्षं या गोष्टीवर कुणी तोंड उघडलेलं नाही. मी एकच जागा शोधली जिथे ते बोलता येईल, आणि तिथेही तुझ्या ड्रमनं ते गिळलं. आता नाही. गाणं राहणार."

"मग दुसरा ड्रमर बघ," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. वाकड्या पायानं, भराभर, मागे न बघता. ड्रमच्या काठ्या वर तशाच राहिल्या होत्या. दादा काठ्या विसरला म्हणजे प्रकरण साधं नव्हतं, हे ठिणगीला कळत होतं. पण रागानं तिच्या अंगाची लाही झाली होती आणि मागे जाऊन हाक मारणं तिच्या रक्तातच नव्हतं.

ती गेली आईकडे. आई पंचाहत्तर वर्षांची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका शर्टाला बटणं लावत होती. जन्मभर तिनं कपड्यांच्या कारखान्यात काम केलं, अजूनही शेजाऱ्यांची काज-बटणं तिच्याकडे येतात. तिचं डावं मनगट पूर्ण वळत नाही. कापड ती त्या हातानं नुसतं दाबून धरते आणि सगळं काम उजव्या हातानं करते.

"काय तोंड करून आलीस?" आई म्हणाली.

"दादा भांडला."

"तू भांडली असशील."

ठिणगीनं वाद घातला नाही. ड्रम वगळून नुसती गिटार, बास आणि गाणं असलेलं रेकॉर्डिंग तिनं मोबाईलवर लावलं आणि आईच्या कानात इअरफोन घातले. तक्रार मांडायला आली होती ती. तिला वाटत होतं आई ऐकेल, हळहळेल, आणि दादाला फोन करून झापेल.

आईनं सुई कापडात टोचून ठेवली. ऐकता ऐकता तिच्या भुवया वर गेल्या. "अगंबाई, हा तुझा आवाज? बरा आहे की! मग इतकी वर्षं लोकांना कशाला छळलंस?"

"आई, पुढे ऐक."

तिसरं कडवं आलं असावं. आईचा चेहरा बदलला. तिनं गाणं संपू दिलं. "परत लाव," ती म्हणाली. ठिणगीनं लावलं. "परत." तिसऱ्यांदा ऐकून आईनं इअरफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

"कुलूप दादानं बदललं असं कुणी सांगितलं तुला?"

"त्यानंच."

"ते मी बदललं," आई म्हणाली.

"तू?" ठिणगी म्हणाली.

"हात प्लास्टरमध्ये होता. हा, डावा. त्यांनीच मोडला होता, तुला सांगितलं होतं जिन्यावरून पडले म्हणून. त्या दिवशी ते कामावर गेले तशी मी उठले आणि दुकानात जाऊन नवं कुलूप आणलं. एका हातानं जुनं काढलं, नवं बसवलं. सकाळभर लागली. सहा स्क्रू होते, चार घट्ट झाले, दोन काही केल्या होईनात. तेवढ्यात दादा कॉलेजातून आला. माझ्या हातातून त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. म्हणाला, आई, ती आत्ता शाळेतून येईल. तिला मी सांगतो मी केलं म्हणून. मी म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, ती चिडणार. माझ्यावर चिडली तर चालेल. तुझ्यावर चिडली तर तिला घरात राहिलं कोण?"

ठिणगी खुर्चीवर बसली. सदतीस वर्षांचा राग असा एकदम हातातून काढून घेतला की माणसाला कसं वाटतं, हे तिला त्या दुपारी कळलं. हलकं नाही वाटत. लाज वाटते. ती रडली, हमसून हमसून रडली, आणि आईनं तिला रडू दिलं.

"मी तुला सांगणार होते," आई म्हणाली. "दादा नको म्हणायचा. शिवाय तुझी आत्या. 'माझ्या भावाला तू सांभाळलं नाहीस, म्हणून तो घर सोडून गेला', हे ती मला दर गुरुवारी येऊन ऐकवते. बाहेरच्या सोफ्यावर बसून, माझा चहा पिऊन. मी कुलूप बदललं असं कळलं असतं तर तिनं सगळ्या नातेवाइकांत माझं जगणं कठीण केलं असतं. तेव्हा दोन पोरं पदरात होती. गप्प बसले. मग गप्प बसायची सवयच लागली."

"मी काढते ते गाणं," ठिणगी डोळे पुसत म्हणाली. "दादा बरोबर म्हणत होता. चूक आहे ते."

"खबरदार!" आई अशी कडाडली की शर्ट टेबलावरून खाली पडला. "काढतेस कशाला? माझ्या आयुष्यात मी एकच काम कुणाला न विचारता केलं. एकच! आणि त्याच्यावर नाव दुसऱ्याचं? ते खोड आणि माझं घाल. आणि हे असंच गा, प्रत्येक शब्द कळेल असं. ती बोंबाबोंब नको."

"आत्या ऐकेल, आई."

"ऐकू दे की. बहिरी थोडीच आहे."

दुसऱ्या दिवशी आई टायरच्या दुकानावरचा जिना चढून आली. एकोणीस पायऱ्या, दोनदा थांबून. दादाला तिनंच फोन करून बोलावलं होतं. दादा आत आला आणि आईला साउंडवाल्याच्या खुर्चीत बसलेली बघून जागच्या जागी उभा राहिला. तिला खुर्ची देऊन साउंडवाला बिचारा भिंतीला टेकला होता.

"तुला मी म्हटलं होतं, ती मोठी झाली की सांग," आई म्हणाली.

"राहून गेलं," दादा पुटपुटला.

"राहून गेलं! आता पन्नासची होईल ती. अजून किती मोठी व्हायला हवी होती?"

ठिणगी दादासमोर जाऊन उभी राहिली. तिला बरंच बोलायचं होतं, रस्ताभर तिनं जुळवलंही होतं. "सदतीस वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या रे मी," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं मी त्यावर ड्रम बडवले," दादा म्हणाला. "काल कळलं."

"इतका कसा रे गाढव तू?"

"तुझाच भाऊ."

तिनं त्याच्या दंडावर एक गुद्दा घातला आणि मग तिथेच डोकं टेकलं. लांब्या उगाच बासच्या तारा जुळवायला लागला. त्या जुळलेल्याच होत्या.

"पण आई," दादा म्हणाला, "तुझं नाव घातलं तर आत्या, काका, सगळे..."

"सगळे काय करतील? मला घराबाहेर काढतील? घराचं कुलूप माझं आहे." आईनं उजव्या हातानं त्याला ड्रमकडे जायची खूण केली. "बस. आणि माझं नाव येईल तिथे एवढासाही आवाज केलास तर बघ."

अकरा नंबर सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं. ठिणगीनं डोळे उघडे ठेवले होते, काचेपलीकडे आई दिसत होती. तिसऱ्या कडव्याशी दादाची काठी हवेत थांबली, लांब्याचा हात तारांवर पसरला, खोली गप्प झाली. त्या रिकाम्या ठोक्यात ठिणगी एकटी गायली, "आईनं कुलूप बदललं." आवाज न चढवता. तिसऱ्यावर ड्रम पडला. आई ताठ बसून ऐकत होती, शाळेत नाव पुकारल्यावर हजर म्हणणाऱ्या मुलीसारखी.

अल्बम निघाला. जुन्या चाहत्यांपैकी निम्मे रुसले, उरलेले नाचले. दारात येऊन भांडलेला तो पुन्हा आला आणि म्हणाला, तीन गाणी बरी आहेत. ठिणगी म्हणाली, बाकीची सात तुला अजून कळायचीत. हे सगळं झालं, पण घरातले तिघं वाट बघत होते ती गुरुवारची.

पहिल्या गुरुवारी आत्या आली नाही. दुसऱ्या गुरुवारी दुपारी चारला बेल वाजली. ठिणगी त्या दिवशी कारखान्यातून लवकर आली होती, दादानंही शिकवण्या पुढे ढकलल्या होत्या. दादा उठला. "मी बघतो. सांगतो की मीच तिला भरीस पाडलं."

"बस खाली," आई म्हणाली आणि स्वतः जाऊन दार उघडलं.

आत्या ऐंशीच्या घरातली, हातात काठी, जिना चढून धाप लागलेली. ती आत आली, नेहमीच्या सोफ्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"नातीनं ऐकवलं मला ते गाणं," ती म्हणाली. "खरं आहे?"

"खरं आहे, वन्सं."

"कुलूप तू बदललंस? माझा भाऊ दारात उभा आणि तू आत?"

"हो. मीच. आत बसून बेल ऐकत होते. तुम्हाला काय बोलायचं ते आज बोलून घ्या. सदतीस वर्षं मी खाली मान घालून ऐकलं, आज वर मान करून ऐकीन. पण मला वाईट वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं."

दादा ठिणगीकडे बघत होता. ठिणगी आईकडे. आत्यानं काठी सोफ्याला टेकवून ठेवली.

"तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला होता," आत्या म्हणाली. "लहानपणी त्याचा मार मी खाल्लाय. मीपण दार उघडलं नाही."

मग आई एक पाऊल पुढे झाली आणि तिचा आवाज चढला.

"मग दर गुरुवारी येऊन मला कशाला बोलत होतात?"

"तुला बोलले नसते," आत्या म्हणाली, "तर मला स्वतःला बोलावं लागलं असतं."